थळझाड्यांची साक्ष आणि गांवाचें मूळ

१

महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांचें गांव मुळांत कसें वसलें व कसें वाढलें, या प्रश्नाला आपल्याकडे बहुधा एकच ठराविक उत्तर देण्यांत येतें. कोणी एक मूळपुरुष चार भाऊबंद घेऊन रानांत आला. त्यानें झाडी तोडली, ग्रामदेवतेची स्थापना केली, राहण्याची पांढरी व पिकविण्याची काळी आंखली. मागाहून सुतार, लोहार, चांभार, कुंभार आदि बलुतेदार आले. आणि ही घडी जी एकदां बसली ती राज्यें आलीं व गेलीं तरी मोडली नाहीं. हें चित्र सुबक आहे आणि कांहीं अंशीं खरेंही आहे. परंतु तें कोणत्या पुराव्यावर उभें आहे, हें विचारूं लागल्यास उत्तर देणें कठीण जातें. पाटलाच्या घराण्याची कैफियत, इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल आणि चालू काळांतील गांवाचें निरीक्षण, या तीन भिन्न वस्तु एकत्र कालवून हें चित्र तयार झालेलें आहे. प्रस्तुत लेखांत या मताची चिकित्सा करून, ज्या कागदांकडे आपलें लक्ष फारसें गेलेलें नाहीं त्या थळझाड्यांची साक्ष या कामीं कितपत उपयोगी पडते, हें पाहण्याचा विचार आहे.

२

प्रथम इंग्रज ग्रंथकारांचें मत पाहूं. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें इ. स. १८१९ मध्यें जिंकलेल्या मुलुखाविषयीं जो अहवाल सादर केला, त्यांत दक्षिणेतील ग्रामसंस्था म्हणजे लहान प्रमाणावर सर्व राज्यांगांनीं युक्त अशी वस्तु आहे, असा अभिप्राय दिलेला आहे. पुढें इ. स. १८३० मध्यें मेटकाफनें उत्तर हिंदुस्थानच्या अनुभवावरून गांवांना लहानशीं गणराज्यें म्हटलें आणि तें वचन सर्व हिंदुस्थानाला लागू करण्याचा प्रघात पडला. मेटकाफचें म्हणणें जे उद्धृत करतात, ते त्यांतील एक भाग बहुधा लक्षांत घेत नाहींत. गांवें ओस पडतात, हें तो नाकबूल करीत नाहीं. लूट किंवा कत्तल यांमुळें एक पिढी परागंदा झाली तरी पुढची पिढी परत येते, मुलगे बापांच्या जागीं बसतात, आणि त्याच जमिनी त्याच वंशाकडे जातात, असें त्याचें प्रतिपादन आहे. वादाचें मर्म येथेंच आहे. गांव ओस पडतें हें सर्वांस मान्य. परत येतो तो कोण, हा प्रश्न.

स्वकीय ग्रंथकारांत त्रिंबक नारायण आत्रे यांच्या इ. स. १९१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'गांवगाडा' या ग्रंथाला तोड नाहीं. कुणब्याच्या शिरावर बलुतें, मागणीं, सण व फिरस्ते यांचें ओझें कसकसें पडतें याचें इतकें बारकाईचें वर्णन मराठींत दुसरें नसेल. इंग्रज लेखकांच्या लेखांत गांवाविषयीं जो एक दुरून पाहणाऱ्याचा गोडवा असतो, त्याचा आत्र्यांच्या लेखणीला स्पर्शही नाहीं. तथापि इतिहासाच्या दृष्टीनें एक न्यून दाखविणें प्राप्त आहे. त्यांचें लक्ष्य आपल्या काळचें गांव हें होतें व त्यांत सुधारणा व्हावी हा त्यांचा हेतु होता. त्यामुळें डोळ्यांपुढें दिसणारी व्यवस्था कोणत्या क्रमानें बनली असावी, हें त्यांनीं बहुतांशीं तर्कानेंच सांगितलें आहे. तर्क म्हणून तें ग्राह्य आहे. परंतु मागाहून लिहिणाऱ्यांनीं त्या तर्कासच पुरावा मानून पुढचे इमले उभारले, हा दोष आत्र्यांचा नव्हे, वाचणाऱ्यांचा आहे.

३

आतां पाटील घराण्यांच्या कैफियती व करीने. आपल्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहांत असे कागद असतील. पाटीलकीचा तंटा गोतापुढें अगर देशकापुढें आला म्हणजे दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत. त्यांत आपल्या मूळपुरुषानें पांढरी कशी वसविली, कौल कोणाकडून घेतला, दुसऱ्या पक्षाचा पूर्वज मागाहून कसा आला, हें विस्तारानें सांगितलेलें असतें. या कागदांचें मोल मोठें आहे. परंतु करीना ही वादीची अगर प्रतिवादीची तक्रार आहे, हें विसरून चालणार नाहीं. वडीलपणाचा मान आणि वतनाचा हक्क 'आधीं कोण आला' यावर ठरत असल्यामुळें प्रत्येक पक्षाला आपला पूर्वज सर्वांआधीं आणून बसविणें भागच होतें. एकाच गांवच्या दोन करीन्यांत दोन निरनिराळे मूळपुरुष तेंच रान तोडतांना दिसतात, याचें कारण हेंच होय.

यावरून करीने टाकून द्यावे, असें मात्र नाहीं. करीना खोटें बोलतो तेव्हांही ऐकणाऱ्यांना पटेल असेंच बोलतो. 'गांव ओस पडलें होतें, आमच्या वडिलांनीं कौल घेऊन पुन्हां वसविलें', अशी हकीकत जर पक्ष वारंवार सांगतात, तर गांव ओस पडून नव्यानें वसणें ही त्या काळीं सर्वांच्या अनुभवांतील गोष्ट होती, इतकें निश्चयानें म्हणतां येतें. व्यक्तीविषयीं संशय धरावा, रीतीविषयीं विश्वास ठेवावा, असा हा नियम आहे.

४

थळझाड्याची जात निराळी. 'थळ' हा शब्द संस्कृत 'स्थल' यापासून आला हें उघड आहे. 'झाडा' म्हणजे तपशीलवार हिशेब. गांवची काळी कांहीं थळांत वांटलेली असे व बहुधा प्रत्येक थळ एकेका कुळाच्या नांवानें ओळखलें जाई. त्या थळांत आज कोण कोण जमीन धरून आहेत, किती धरून आहेत, इनाम किती, गतकूळ किती, याची यादी म्हणजे थळझाडा. थळांत वंशपरंपरेनें जमीन धरणारा तो थळकरी. पुढें दफ्तरांत अरबी 'मिरास' शब्द रूढ होऊन थळकऱ्यास मिरासदार म्हणूं लागले. बाहेरून येऊन वंशपरंपरेच्या हक्काशिवाय जमीन करणारा तो उपरी.

या कागदांचें ऐतिहासिक महत्त्व प्रथम ज्यांच्या ध्यानांत आलें त्यांत कर्नल साइक्स हा प्रमुख होय. दक्षिणेतील जमीनधाऱ्याविषयीं त्याचा निबंध इ. स. १८३५ मध्यें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलांत छापला गेला. थळ ज्या कुळाच्या नांवानें चालतें तें कूळ नष्ट झालें असतांही थळाचें नांव तसेंच राहतें, ही गोष्ट त्यानें नमूद करून ठेवली. ही नोंद वाटते तितकी क्षुल्लक नाहीं. मेटकाफच्या सिद्धान्ताची कसोटी याच एका गोष्टींत आहे. मुलगे जर खरोखरच बापांच्या जागीं परत बसत गेले असतील, तर थळाचें नांव आणि धारकाचें आडनांव यांचा मेळ बसला पाहिजे. तो जेथें बसत नाहीं, तेथें जमीन एका वंशाकडून दुसऱ्याकडे गेलेली आहे.

केवळ रीत समजावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एका गांवाच्या झाड्यांत दहा थळें आहेत. पैकीं चार थळांवर त्या त्या नांवाचींच कुळें नांदत आहेत. तीन थळें शेजारच्या थळकऱ्यांच्या शाखांनीं व्यापलेलीं आहेत. दोन थळांवर अशीं कुळें आहेत कीं, ज्यांच्या आडनांवाचें थळ गांवांत मुळींच नाहीं. उरलेलें एक थळ गतकूळ म्हणून पडीक आहे. या चार ओळींत गांवाचा मोठा इतिहास सामावलेला आहे. चार घराणीं टिकलीं. त्यांपैकीं कांहींनीं मेलेल्या अगर परागंदा झालेल्या शेजाऱ्यांच्या जमिनीवर विस्तार केला. दोन घराणीं बाहेरून येऊन थळकरी झालीं. एका थळाला अद्याप वाली मिळालेला नाहीं. दहांपैकीं सहा थळांतून मूळ नांवाचें कूळ नाहींसें झालें. गांवाचें नांव, शीव व देऊळ तेंच राहिलें. गांवांतील माणसें मात्र बदललीं.

बाहेरचा उपरी थळकरी कसा होई, याचाही मार्ग कागदांत स्पष्ट आहे. गतकुळीची जमीन पाटील व गांवकरी मिळून मिरासपत्र करून नव्या कुळास देत व त्याबद्दल मोबदला घेत. म्हणून ज्या संग्रहांत थळझाडा आहे, त्याच गांवचें मिरासपत्र मिळाल्यास तीं दोन्ही एकत्र ठेवून वाचलीं पाहिजेत. थळझाडा बदल दाखवितो, मिरासपत्र त्या बदलाची मिति सांगतें.

५

गांवें उठणें व पुन्हां वसणें हा प्रकार मुसलमानी अमलांतील धामधुमीनें उत्पन्न झाला, त्यापूर्वीं सर्वत्र स्थैर्य होतें, अशी एक समजूत आहे. तीस प्राचीन लेखांचा आधार नाहीं. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन आदेश कोरलेले आहेत. राज्याच्या अठराव्या वर्षीं त्यानें तेथील भिक्षूंना काखडी गांवचें दोनशें निवर्तनांचें शेत दिलें. तें त्यापूर्वीं उषवदाताच्या भोगवट्याचें होतें. चोविसाव्या वर्षीं राजा व राजमाता यांच्या नांवें गोवर्धन येथील अमात्य श्यामक यास दुसरी आज्ञा झाली कीं, पूर्वीं दिलेलें शेत नांगरलें जात नाहीं व तें गांवही वसत नाहीं. सबब नगराच्या शिवेवरील राजकीय शेतांतून शंभर निवर्तनें द्यावीं. महाराष्ट्रांतील शेतीच्या अगदीं जुन्या लेखी पुराव्यांपैकीं हा एक, आणि तो ओस पडलेल्या गांवाचा! ओस पडण्याचें कारण लेखांत नाहीं. तें आपण पदरचें घालूं नये. पण गांवावांचून शेत नाहीं व माणसावांचून गांव नाहीं, हें राजालाही सहा वर्षांत मान्य करावें लागलें, इतकें त्यावरून दिसतें.

शास्त्रग्रंथही याला अनुकूलच आहेत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचा आरंभच जनपद वसविण्याच्या प्रकरणानें होतो. तेथें आचार्य पूर्वीं वसलेला व पूर्वीं न वसलेला, असे प्रदेशाचे दोन्ही प्रकार गृहीत धरतो. म्हणजे वसून उठलेला देश ही त्याच्या दृष्टीनें नेहमींची बाब आहे. परदेशांतून माणसें आणून अगर स्वदेशांतील जास्त झालेली वस्ती हलवून गांवें वसवावीं. गांव शंभरापासून पांचशें कुळांचें असावें व त्यांत शेतकरी शूद्रांचा भरणा असावा. शीव एक ते दोन कोसांवर असावी. नापीक जमीन जो लागवडीस आणील त्याच्याकडून ती काढून घेऊं नये, जो करीत नाहीं त्याच्याकडून घेऊन दुसऱ्यास द्यावी. धान्य, जनावरें व पैसा यांची मदत करावी व ती त्यांनीं सवडीनें फेडावी, असें तेथें सांगितलें आहे. मनूनेंही शेत कोणाचें याचा निर्णय करतांना झाडाचे बुंधे काढून जमीन साफ करणाऱ्याचा हक्क मानला आहे. शास्त्रवचन म्हणजे घडलेली गोष्ट नव्हे, हें खरें; परंतु शास्त्रकारांना कोणत्या अडचणीचा विचार करावा लागे, हें त्यावरून कळतें.

याच्याही मागें जावयाचें तर भूगर्भांतील पुरावा आहे. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें इ. स. १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें व त्याचा अहवाल ढवळीकर, सांकलिया व अन्सारी यांच्या नांवें इ. स. १९८८ मध्यें प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती. मधल्या काळांत जवाची शेती, पाण्याचा पाट व बांध, चौकोनी घरें, धान्याचें कोठार, असा उत्कर्ष दिसतो, इ. स. पूर्वीं १००० च्या पुढें चौकोनी घरांच्या जागीं बहुतेक लहान गोल झोंपड्या येतात, शेतीपेक्षां शेळ्यामेंढ्यांवर भर पडतो, आणि अखेर वस्ती उठते. हवामान कोरडें झाल्यामुळें असें घडलें, हें उत्खननकर्त्यांचें मत. कोठाराशेजारचें पांच खोल्यांचें घर गांवच्या मुख्याचें होतें, हें त्यांचें अनुमान संभवनीय आहे. परंतु त्या मुख्यास कोणी आजच्या अर्थानें पाटील म्हणूं लागेल तर तें अतिव्याप्त होईल. नऊशें वर्षें नांदलेलें गांवही एकाच स्थितींत राहिलें नाहीं व शेवटीं उठलें, एवढाच बोध प्रस्तुत विषयाला पुरेसा आहे.

६

गांवें उठत होतीं, तर पुन्हां वसत कशीं? येथें मराठी कागदांइतका स्पष्ट पुरावा दुसरा नाहीं. ओसाड जमीन लागवडीस आणण्यासाठीं इस्ताव्याचा कौल देत. म्हणजे पहिल्या वर्षीं सारा अगदीं हलका, पुढें वर्षास वर्ष चढता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुरा दस्तुर. कौल नसतां कोणी कुणबी ओसाड रानांत पाऊल घालीत नसे, कारण नांगराखालीं नव्यानें आणलेली जमीन पहिलीं एक दोन वर्षें पोटासही पुरेसें देत नाहीं.

छत्रपति शिवाजीमहाराजांनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेलें पत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे. ज्याच्याजवळ माणूसबळ आहे पण बैल नांगर नाहीं त्यास बैलांसाठीं पैसा द्यावा, पोटास दाणे द्यावे. त्याच्यानें होईल तितकें शेत करवावें. दिलेलें मुद्दल वाढीदिढी न घेतां त्याच्या कुवतीप्रमाणें हळूहळू उगवावें, असा त्याचा आशय आहे. कौटिल्याच्या उपदेशाशीं याचें साम्य पाहून संस्कृतज्ञाला आनंद होतो. परंतु हें पत्र अर्थशास्त्र वाचून लिहिलें, असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. तो ग्रंथच शामशास्त्र्यांनीं इ. स. १९०९ मध्यें छापून प्रथम सर्वांसमोर आणला. ओसाड जमीन, बैलावांचून बसलेला कुणबी आणि रिकामा खजिना, ही अडचण दोन्ही काळीं एकच होती, म्हणून उपायही एकच सुचला. पत्राची थोरवी उगमांत नसून, सुभेदारानें कचेरींत न बसतां गांवोगांव जावें या आज्ञेंत आहे.

गांवांच्या नांवांतही वाढीच्या खुणा राहिलेल्या आहेत. मूळ गांवांतून फुटलेली वस्ती ती वाडी अगर मजरे. एका नांवाचीं दोन गांवें झालीं म्हणजे एक बुद्रुक व दुसरें खुर्द. हे दोन शब्द फारसी 'बुजुर्ग' व 'खुर्द' यांचीं रूपें, म्हणजे थोरलें व धाकटें. मात्र शब्द फारसी म्हणून विभागणीही त्याच काळची, हें अनुमान सुरक्षित नव्हे. वस्तु जुनी असून दफ्तरांतील नांव मागाहून पडलेलें असूं शकतें. थळकरी आणि मिरासदार यांचें उदाहरण वर आलेंच आहे.

७

येथवर थळझाड्याची बाजू मांडली. आतां त्याच्या साक्षींतील उणीवा सांगणें न्याय्य होईल. पहिली ही कीं, थळांची संख्या म्हणजे मूळ कुळांची संख्या नव्हे. कांहीं थळांस देवाचें, झाडाचें अगर जमिनीच्या जातीचें नांव असतें. दुसरी ही कीं, एकच वंश हुद्द्यावरून वा धंद्यावरून आडनांव बदलतो. तेव्हां नांवांचा मेळ नाहीं एवढ्यावरून वंश तुटला असें म्हणतां येत नाहीं. तिसरी व सर्वांत मोठी ही कीं, थळझाडा साऱ्यासाठीं केलेला कागद आहे. ज्याच्याकडून सारा येणें त्याचें नांव त्यांत आहे. उपरी, मजूर, बलुतेदार आणि गांवांतील समस्त स्त्रिया यांस त्यांत जागा नाहीं. महारांचा हाडवळा इनाम म्हणून एका ओळींत येतो व पुढें त्यांचें नांव नाहीं. वास्तविक शिवेचा तंटा लागला म्हणजे शीव दाखविण्यासाठीं महारालाच पुढें करीत व त्याची साक्ष प्रमाण मानीत. गांवाची सर्वांत जुनी आठवण ज्याच्या मुखीं होती, तोच या यादींत नाहीं.

हीच सावधगिरी इंग्रजी वर्णनांसही लावली पाहिजे. डॉक्टर कोट्सनें इ. स. १८१९ मध्यें पाहिलेल्या पुण्याजवळील लोणी गांवाचा वृत्तान्त इ. स. १८२३ मध्यें मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पुस्तकांत प्रसिद्ध झाला. डॉ. घुर्ये यांनीं त्याच लोणीकंदाची पुन्हां पाहणी करून इ. स. १९६० मध्यें इंग्रजींत ग्रंथ लिहिला. दोन पाहण्या शेजारीं ठेवून गांव किती बदललें हें दाखविण्याची ही रीत स्तुत्य आहे. परंतु आरंभबिंदु म्हणून घेतलेलें १८१९ चें गांव म्हणजे जुन्या व्यवस्थेचा अस्सल नमुना, असें मानतां येत नाहीं. इ. स. १८०२ ची होळकरांची धामधूम आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनीं पुणें प्रांत उजाड केल्याला तेव्हां पुरतीं सोळा वर्षेंही झालीं नव्हतीं. त्या प्रांतांतील १८१९ चें कोणतेंही गांव सावरतां सावरतां टिपलेलें गांव आहे. त्यांतील कर्ज व पडीक हीं त्या संकटाचीं कीं व्यवस्थेचीं, हें त्या एका वृत्तान्तावरून ठरणार नाहीं. त्याआधींचे झाडे पाहिले पाहिजेत.

८

एवढ्या चिकित्सेचें फलित येणेंप्रमाणें. आपलें गांव एकदां जन्मून अखंड चाललेलें नाहीं. तें पुनःपुन्हां वसविलें गेलें आहे. ग्रामसंस्थेचें सामर्थ्य म्हणून जें सांगण्यांत येतें, तें जुन्या घराण्यांच्या चिवटपणापेक्षां नव्या कुळाला थळ देऊन आपलेंसें करण्याच्या सोयींत अधिक होतें. आज ज्यास आपण मूळचा म्हणतों, त्याचा पूर्वजही बहुधा कोणा गतकुळीच्या जमिनीवर कौल घेऊन आलेला उपरीच होता. वतनाच्या अभिमानाला हें रुचणार नाहीं. पण कागद असें म्हणतात.

संग्राहकांस नम्र सूचना ही कीं, आपण सनदा, निवाडपत्रें व मोहोरबंद पत्रें जिवापाड जपतों, आणि झाडे, याद्या व मिरासपत्रांचे तुकडे रुमालाच्या तळाशीं कसरीसाठीं ठेवतों. मोहोर नाहीं, थोर पुरुषाचें नांव नाहीं, म्हणून हे कागद छापण्याच्या योग्यतेचे नाहींत, ही समजूत सोडली पाहिजे. थळझाडा छापतांना त्याचा गोषवारा देऊं नये, यादी पूर्ण छापावी. थळाचें नांव व धारकाचें नांव हीं दोन्ही निराळ्या सदरांत द्यावीं. नक्कल असल्यास नकलेची मिति व मूळची मिति वेगळी नोंदावी. आणि शेजारच्या दोन तीन गांवांचे झाडे मिळत असतील तर ते एकत्र छापावे, कारण एका गांवांतून नाहींसें झालेलें कूळ शिवेपलीकडे सांपडण्याचा संभव असतो. पांढरीची राखट माती शेतकरी खत म्हणून गाड्या भरून नेतात व त्याबरोबर हजारों वर्षांची वस्ती शेतांत मिसळून जाते, याबद्दल पुराणवस्तुशास्त्रज्ञ हळहळतात. त्या शेतकऱ्यास ती माती काय आहे हें ठाऊक नसतें. आपणांस आपल्या रुमालांत काय आहे हें ठाऊक आहे. तेव्हां ते वेळींच उघडावे, इतकें सुचवून हा लेख पुरा करतों.